यादी, नऊच्या गाडीआधी

साहेब म्हणाले, पाच नावं द्या. फक्त फॉरवर्ड.
बचाववाल्यांचं पुढच्या वर्षी बघू.
आणि क्रमानं द्या, कोण पहिला, कोण पाचवा.
खाली सही, कॉलेजचा शिक्का.
नऊच्या गाडीनं कागद बेंगळुरूला जाणार.

साडेपाच वाजलेत.
मैदानावर सकाळी मी स्वतः मारलेली चुन्याची रेघ
दुपारपर्यंत पुसली गेली.
टिळकवाडीच्या तांबड्या धुळीला रेघ मानवत नाही.

पहिला मुदस्सर. यात वाद नाही.
सोळा सामने, तेवीस गोल.
बापाचं केळ्याचं दुकान, बाप घडाला बोट लावून सांगतो
किती दिवसांत पिकेल.
पोरगा गोलकीपरच्या खांद्याकडं बघून सांगतो
कुठं पडणार.

दुसरा विरुपाक्ष हट्टीहोळी, बैलहोंगलकडचा.
कॉर्नर आला की जोंधळ्याच्या रानात
एकच कणीस वर आल्यासारखा दिसतो.
खरं, चिखलात घसरतो.
हे लिहायचं का? नको.
त्यांच्याकडं हिरवळ असते.

तिसरा.
इथं पेन्सिल थांबली.

माझ्या वहीत रकाने चार:
नाव, सामने, गोल, दुखापत.
कल्लाप्पा येळ्ळूरकर, सोळा सामने, गोल चार,
दुखापत: डाव्या हाताला भाजलं, फाउंड्रीत, खेळताना नव्हे.
उद्यमबागेत रात्रपाळी करून येतो,
पॅव्हेलियनच्या पायरीवर अर्धा तास झोपतो,
मग बूट घालतो.
चेंडू त्याच्याकडं क्वचित येतो.
तो मोकळ्या बाजूला पळत सुटतो, हात वर करून, ओरडत,
समोरचे दोघं त्याच्यामागं जातात,
आणि जिथून ते गेले तिथं मुदस्सर.
मी एकदा बसून मोजलं.
तेवीसातले चौदा गोल
कल्लाप्पाच्या न लागलेल्या पायाचे.
त्याला रकाना नाही.

ऑस्वाल्ड, कॅम्पातला, शंभर मीटर अकरा पॉइंट चार.
घड्याळ माझ्या रेल्वेतल्या जावयाचं, उसनं.
वेग आहे पोरात. त्या वेगाला कुठं जायचं
ते अजून कळलेलं नाही.
खरं, अकरा पॉइंट चार हा आकडा आहे,
आणि आकडा गाडीत बसतो, बेंगळुरूला उतरतो,
कुणालाही समजतो.

पाचवा प्राचार्यांच्या बहिणीचा मुलगा.
धावतो, तसं काही नाही.

कच्ची यादी मराठीत, माझ्या अक्षरात.
पक्की कन्नडात, ऑफिसातल्या शिवलीलाबाईंनी टाइप केली.
येळ्ळूरकर आल्यावर म्हणाल्या, सर, हा ळ
आमच्याकडंपण असाच हो, दोनदा.
मग विचारलं, तीन का चार?
कच्च्या यादीत तीनवर खाडाखोड होती,
वर एक नाव, खाली एक नाव, मध्ये बाण.
मी खिडकीतून बाहेर बघितलं.
सायकलस्टँडवर कल्लाप्पा
कुणाची तरी चेन बसवत होता.
चार, म्हणालो.

मैदान सोडताना त्यानं विचारलंच.
सर, कितवा घातलात?
मी म्हणालो, आहेस की यादीत.
तो म्हणाला, तसं नव्हे वो सर,
मुदस्सर तिकडं गेला तर त्याच्याबरोबर
कोण पळणार, तेवढं त्यांना विचारा.
मी विचारलं नाही.
विचारायला मला साहेबांची भाषा येते,
प्रश्न येत नाही.

स्टेशनवर साहेबांनी कागदाची घडी घातली,
आडवी, मग उभी.
आडवी घडी तीन आणि चारच्या मधून गेली.
पोरं निरोपाला आलेली. ऑस्वाल्डनं कुंद्याचा डबा दिला.
डब्याच्या दारात तोबा गर्दी, बॅगा, एक शिवणयंत्र,
कुणी चढेना, कुणी उतरेना.
कल्लाप्पा हात वर करून डावीकडं सरकला,
ओ, हिकडं या, हिकडं जागा हाय,
आणि दोघं दांडगे गडी यंत्रासकट
त्याच्यामागं वळले.

मधल्या फटीतून साहेब चढले.

गाडी नऊ सतराला सुटली.